मांजरासाठी

वीस तारखेनंतर मी गणेश पेठेत
उशिरानेच जाते,
बर्फाचं पाणी रस्त्यावर आल्यावर.
उरलेली डोकी मागते. मांजरासाठी, म्हणते.
शेवंतामावशी पैसे घेत नाहीत.

धनकवडीला पोचेपर्यंत बसमध्ये
माझ्या शेजारची सीट रिकामी.

कल्ले, शेपट्या बबडीला.
गालातलं मांस मी काट्यांतून सोडवते,
कांदा परतते.
ती ओट्याखाली बसून बघते.
तक्रार नाही,
फक्त माझ्या ताटापासून हलत नाही.

काल पिशवीत, डोक्यांवर,
कागदाच्या पुडीत चार आमसुलं.
मी वर पाहिलं.
मावशी कोयता धूत होत्या.
"आवडतं हो मांजरांना,"
मान वर न करता म्हणाल्या,
"जरा आंबट."