पाच मिनिटं

सोमवारी दुकान बंद.
अर्ध्या शटरखालून वाकून मुनीमजी आत येतात,
शिवलिंगप्पा, अडत बाजारातले,
सावलीतही टोपी.
पिशवीतून तपकिरी बाटली काढून
आरशासमोर ठेवतात,
गिऱ्हाइकाची रक्कम ठेवावी तशी.

पहिल्या वेळी मीच विचारलं होतं,
हे दुसऱ्याला लागायचं तर न्हाई ना?
माझ्या खुर्चीत दिवसाला तीस डोकी बसतात.
रागावले नाहीत.
लातूरच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी काढली.
खाली मराठीत लिहिलेलं : संसर्गजन्य नाही.
दोनदा अधोरेखित.
किती जणांनी विचारलं असेल.

कानामागं, मानेवर
डाळमिलच्या चुनीसारखा थर.
आयुष्यभर धान्याचा कोंडा झटकला,
हा झटकला जात नाही, म्हणाले.

झाकण उघडलं
आणि दुकानात रस्ता शिरला.
देगलूर रोडचा,
मी चौथीत होतो तेव्हाचा.
पिंपाखाली जाळ, पायाला बारदान बांधलेला बाप
झारीनं काळी धार सोडत
उलटा चालतोय.
रात्री आई रॉकेलनं त्याचे हात पुसायची,
तरी भाकरीला तोच वास.

डांबरच हाय की हे, मी म्हणालो.
कोळशाचं, मुनीमजी म्हणाले,
आताच्या रस्त्याचं निराळं, ते खनिज तेलातून निघतं.
विचारून आलोय.
असेल.
नाकाला एवढं शिक्षण नसतं.

केस भिजवायचे.
पेरांनी चोळायचं, नखं लावायची नाहीत.
खाजवून रक्त आलंय ती जागा सोडायची.
डोळे मिटा, मुनीमजी.
आता पाच मिनिटं थांबायचं,
आणि थांबणं माझ्या हातांना येत नाही.
कात्री पुसली. परत पुसली.

मिटल्या डोळ्यांनी ते बोलायला लागले :
सून म्हणायलीय, यानं कॅन्सर होतो.
मग?
बाईंना विचारलं. म्हणाल्या,
कारखान्यात वर्षानुवर्षं डांबरात राबलेल्यांना
धोका दिसलाय, ते खरंय.
औषधी शांपूनं तसं आढळलेलं नाही.
सांगितलंय तेवढंच लावा,
आठवड्यातून दोनदा,
आणि दाखवायला येत जा.

मी फेसाकडं बघत राहिलो.
बापाला कुणी सांगितलं नव्हतं,
आठवड्यातून दोनदा.

नळ आठ दिवसांनी येतो.
त्यांच्या डोक्याच्या दोन बादल्या मी झाकून ठेवतो.
धुऊन झाल्यावर उन्हाला जपायचं,
औषध लागलेली कातडी लवकर पोळते.
आधी टोपी खपल्या झाकायला होती,
आता उन्हासाठी.
टोपी तीच.

पांढरा टॉवेल पहिल्याच दिवशी पिवळा पडला.
मी चॉकलेटी आणला, वेगळ्या खुंटीला.
पुढच्या सोमवारी त्यांनी खुंटीकडं पाहिलं
आणि बोलले नाहीत.
डाग पडतो म्हणून, मी म्हणालो.
हो हो, ते म्हणाले, घाईनं,
ज्याला असल्या कारणांची सवय आहे तसे.

मग त्यांचं डोकं पुसून झाल्यावर
त्याच टॉवेलानं मी तोंड पुसलं.
घामच आला होता तसा.
आरशात बघत होते ते.
पैसे मोजताना
नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला त्यांना.

रात्री बायको म्हणाली,
हाताला कसला वास यायलाय?
मी भाकरी मोडली.