पिवळा

गुरुवार, दुपारचे चार. सोहारच्या औद्योगिक वसाहतीत
एसीखालची बादली तिसऱ्यांदा भरली
तेव्हा खलफानसाहेब दारातूनच म्हणाले,
एकेचाळीस साइट, एकेचाळीस तऱ्हा.
हेड ऑफिसला सगळं एकसारखं हवंय.

तऱ्हा तर खऱ्याच.
बिजूमोन गैरहजेरी लाल रंगवतो, टेकबहादूर हिरवी.
तोफज्जल महिना आधी लिहितो, दिवस मागून.
लिवाच्या शीटवर कुणीतरी पगाराच्या रकान्याला
जांभळी चौकट घातली आहे,
परकराला गोठ शिवावा तशी.

मी मॅक्रो लिहिला. सतरा ओळी.
शीट घे. रंग पूस. फॉन्ट कॅलिब्री, अकरा.
नावं डावीकडे, आकडे उजवीकडे,
रकाना आठ रुंद.
पुढची शीट घे.

चहाचा कप ओठाला लागेपर्यंत
एकेचाळीस शीट प्रार्थनेला उभी, हात जोडून.

फक्त रजेच्या रकान्यात,
जिथे घरी जायच्या तारखा होत्या,
तिथे वरपासून खालपर्यंत
########
########
काटेरी कुंपण.
तारखा आत होत्या. आठात मावत नव्हत्या, इतकंच.
रुंदी वाढवली, आल्या बाहेर.

रंग मात्र आले नाहीत.
मॅक्रो चालला की मागे फिरायची कळ मुकी होते,
हे मला ठाऊक होतं. जुनी प्रत ठेवायला विसरले
हेही आता ठाऊक झालं.

तोफज्जलला फोन लावला. मागे पाइप आपटत होते.
तुझ्या शीटवर पिवळं काय होतं रे?
म्हणाला, दीदी, पीला मतलब चक्कर.
उन्हात पडलेला आदमी. उसको ऊपर नहीं भेजना.

बारा नावं त्याने तोंडपाठ सांगितली,
एका नावाशी अडखळला, कुणाला तरी हाक मारून विचारलं,
मग तेरा सांगितली.
मी एकेक सेल हाताने रंगवला.
खाली बांग झाली, पार्किंगमधल्या गाड्या निघाल्या.

‘रंग पूस’च्या वर एक ओळ घातली:
पिवळा असेल तर हात लावू नको.
आणि एकेचाळीस फोरमनना निरोप धाडला,
चक्कर आली तर पिवळा. दुसरा रंग नको.

रविवारी हेड ऑफिसने विचारलं,
हा पिवळा मध्येच कशाला?
मी कळवलं,
नमुनाच तसा आहे. सगळ्या साइटना लागू.