दिवस दुसरा, सत्र तिसरं

बडोद्याला, कोठी कचेरीच्या मागच्या हॉलात
आम्ही सव्वीस प्रोबेशन ऑफिसर,
जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा केलेले.
फोल्डरवर माझ्या नावाचा उकार गळून
सुर्वेची झालेय सर्वे.
असू दे. एकोणीस वर्षं तेच तर करतेय.

प्रशिक्षक अहमदाबादचा, कोवळा, मनापासून शिकवणारा.
पडद्यावर तक्ता :
वय, व्यसन, सोबत, राहायची जागा,
प्रत्येकाला गुण, एकूण चाळीस.
जितके जास्त, तितका माणूस पुन्हा घसरणार.
शेजारी बसलेल्या गोध्र्याच्या मकवाणांनी
हळूच स्वतःचे गुण काढले. एकतीस आले.
खोडरबर मागितलं.

जेवणानंतर, डोळ्यांवर कढीभात असताना,
तो म्हणाला, आता नाटक करू.
अनुभवी माणसानं गुन्हेगार व्हायचं,
नव्यानं अधिकारी.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी कोण होऊ?
कनू पढियार आठवला.
मकरपुऱ्याच्या कारखान्यातून तांब्याची तार,
साडेअकरा किलो. तीन वर्षांचा बाँड.
मंगळवारी हजेरी.
पहिल्या गृहभेटीला मी सरकारी जीपनं गेले
तेव्हा अख्खी चाळ दारात आली.
पुढच्या वेळी म्हणाला, बेन, स्कूटीवर या,
माताजीच्या देरीपाशी लावा,
कुणी विचारलं तर विम्याच्या म्हणून सांगा.
त्या वस्तीत मी अजून विम्याची बाई आहे.
दोघींनी हप्ता किती पडेल विचारलंय.

तर मी कनू होऊन बसले.
समोर नवसारीची झंखना, नोकरीला चार महिने.
खुर्ची ठेंगणी. खिडकीतलं ऊन थेट तोंडावर.
घड्याळ माझ्या पाठीशी :
वेळ तिला दिसते, मला नाही.
आमच्या ऑफिसातही असंच आहे.
कुणी मुद्दाम मांडलेलं नाही.
म्हणजे, मीच मांडलंय.

“मागच्या महिन्यात हजेरीला का आला नाहीत?”
अगदी पुस्तकात आहे तसं विचारलं तिनं.
मी कनूचं उत्तर दिलं : काम होतं, बेन.
ती लिहायला लागली
आणि मला ते दिसलं. उलटं.
डोक्यावर रेघ नसलेली गुजराती अक्षरं,
छपरं उडालेल्या घरांसारखी,
पाय वर, डोकं खाली,
आणि तरी वाचता येत होती :
असंतोषकारक.

हाच शब्द मी लिहिला होता. तीनदा.
कनू सातवी पास आहे.
टेबलाच्या त्या बाजूला बसून
तो माझ्या पेनाकडे बघत
हो बेन, हो बेन म्हणत होता
आणि मला वाटायचं, लाजेनं मान खाली.

झंखनानं विचारलं, “आणखी काही सांगायचंय?”
इथे मी सांगायला हवं होतं
की मंगळवारी सुट्टी मागितली की मुकादम कारण विचारतो,
आणि कारण सांगितलं
की बुधवारी काम राहत नाही.
पण हे कनूनं मला कधी सांगितलेलंच नव्हतं.
मला ते आत्ता कळत होतं,
ठेंगण्या खुर्चीत, उन्हात डोळे बारीक करून.
मी म्हणाले, नाही, बेन.

टाळ्या पडल्या. प्रशिक्षक म्हणाला, हुबेहूब.
तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं.
त्यातही सर्वे.

मंगळवारी ऑफिसात लवकर गेले.
घड्याळ काढून बाजूच्या भिंतीवर ठोकलं,
सोलंकी शिपाई बघत राहिला.
कनू आला अकरा दहाला.
मी फाइल फिरवून त्याच्यापुढे सरकवली.
वाच, म्हटलं, काही चुकलं असेल तर सांग.
त्यानं फाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
खिसे चाचपले.
चष्मा घरी राहिला, बेन, म्हणाला,
आणि सवयीनं
मान जराशी तिरपी केली.