मळी

साओ कार्लोसला ऑगस्टात राख पडते.
पलीकडे उसाचे फड पेटवतात आणि काळे धागे उतरतात
दोरीवरच्या चादरींवर, मोटारींच्या टपांवर,
एकदा तर माझ्या कॉफीत.
तळघरात मात्र राखेला मज्जाव:
दाराशी चिकट पायपुसणं, दोन पडदे,
आणि झांदीराची नजर.

मी कॉइल गुंडाळणारा माणूस.
समीकरणं तिची.
तांब्याची नळी, तिचे वेढे, आतून खेळवलेलं पाणी,
ते गळलं तर शिव्या,
एवढं माझं.

काचेच्या डबीत रुबिडियमचा ढग,
मसुरीच्या दाण्याएवढा,
दिसतो न दिसतो असा तांबूस.
उजेडानंच थोपवून गार केलाय म्हणे.
पहिल्या दिवशी मला थट्टा वाटली.
दिव्यापुढे धरून कधी काही निवतं?

"आता लेझर बंद," ती म्हणते,
"आता तुमच्या वाटीत."
आणि त्या न दिसणाऱ्या वाटीची कड
ती खाली आणू लागते, हळू, अगदी हळू.
फार उड्या मारणारे सांडून जातात.
मागे राहिलेले एकमेकांना धडकत
शांत होतात.

मिनासला माझी आत्या झेनायदे गूळ करायची.
रात्रभर काहिलीशी उभी, हातात लांब दांड्याचा झारा,
वर आलेली मळी काढून फेकत.
घाई केलीस तर रस रुसतो, म्हणायची.
तिची काहील उकळायची, ही गोठायच्या पार पलीकडे निघालीय,
पण मनगट तेच.

तिसरी रात्र. एसी बसला, लेझर सरकला,
दोन तास नुसते स्क्रू पिळण्यात गेले.
तीन चाळीसला पडद्यावर
बसक्या टेकाडातून एक सुळका वर आला.
लाखभर अणू, ती म्हणाली, आणि लाट एकच.
यातला कोण कुठला, हा प्रश्नच उरत नाही.

साखर कारखान्यात मी बिल्ला चारशे सात होतो.
मी विचारलं, मग हजेरी कशी घेतात?
ती हसली नाही.
"घेता येत नाही, सेऊ ओतासीलियू. फक्त मोजता येतात,
तेही मेल्यावर."

कारण फोटो म्हणजे सावली.
ढगावर उजेड टाकायचा, सावली टिपायची,
त्या उजेडानंच ढग जातो.
अर्ध्या मिनिटानं दुसरा.
पुन्हा वाटी, पुन्हा मळी, पुन्हा सुळका.
असे चौदा.

पंधराव्याला तिनं बटणावरचं बोट उचललं.
"याला राहू दे."

पंप घुमत होता.
माझ्या नळ्यांतून पाणी चाललं होतं.
आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो,
जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं.
वीस सेकंद असतील, तीस असतील.
कुठून तरी भरकटलेला एखादा गरम अणू
त्यांच्यात घुसत असेल, एकेक करून
ते विरत असतील.
किंवा यावेळी सुळका आलाच नसेल.

वहीत पंधराच्या पुढे तिनं एक आडवी रेघ मारली,
पेन तिथंच थोडा वेळ धरलं,
मग म्हणाली, सोळावा भरते,
पाण्याचा दाब बघा जरा.

उतरला होता. थोडाच.