बावन्न खिशांची चादर

मोठ्या बाई म्हणाल्या, राजय्या, तुम्हीच सांभाळा.
तुम्हाला वाजलेलं ऐकू येत नाही, ते बरंच.
त्या हसल्या नाहीत. मीही नाही.
अक्कलकोट रोडला सव्वीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली.
उजवा कान तिथंच राहिला.
डाव्यात थोडी जागा आहे अजून,
कुणी नावानं हाक मारली तर तेवढी.

खिसे मीच शिवले.
घरी एक दागी चादर पडून होती,
मोर उलटा विणला गेलेला, गिऱ्हाइकानं परत पाठवलेली.
नीलम नगरची आमची शाळा, दहावी ब, बावन्न पोरं.
मोराची चोच चार नंबरात गेली,
पिसारा अठरापासून तेवीसपर्यंत पसरला,
एक पाय कुठं गेला ते मलाही सापडलं नाही.

सकाळी प्रार्थनेआधी रांग.
मुली ओढणीला काच पुसून ठेवतात,
मुलं टाकतात, धावत्या एसटीत रुमाल टाकावा तसा.
श्रावंती गाजूल रोज फोनला म्हणते, येते हं.
ओठ हलतात, मला कळतं.
मग कपाट, कुलूप. किल्ली करदोट्याला.

दिवसभर मी कपाटाला पाठ टेकून बसतो.
लोखंडी आहे. पत्रा बोलतो.
सात नंबर लांब थरथरतो, कुणाची तरी आई.
तीस नुसत्या टिचक्या मारतो.
सव्वाबाराला काय होतं कोण जाणे,
सगळे एकदम सुरू होतात,
आणि पाठीला वाटतं, शेड पुन्हा चालू झाली.

एकोणीस नंबर मात्र कधीच हलला नाही.
जूनपासून दिवाळीपर्यंत नाही.
इरण्णा म्हेत्रे. सगळ्यांच्या आधी यायचा,
वर म्हणायचा, मामा, नीट ठेवा हं.
कांडी संपली की धोटा पोकळ धावतो,
ते डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं.
त्या खिशातला फोन मेलेला होता.
खरा मोज्यात, डाव्या.
चालताना तो पाय जरा राखून पडायचा.

सांगायला हवं होतं.
नियमाचा कागद दारावर मीच चिकटवलेला, डिंक लावून.
पण मधल्या सुट्टीत पोरगं टाकीमागं जायचं,
फोन तळहातावर घेऊन
नुसतं उभं राहायचं.
खेळत नव्हतं काही. कुणाला लावतही नव्हतं.
बघत राहायचं, बास.

गड्ड्याची सुट्टी संपली त्या सोमवारी
तो आला, माझ्यादेखत मोजा खाली केला,
मेलेला काढला, जिवंत ठेवला.
नीट ठेवा हं, म्हणायचं राहिलं.

त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही.
कडक भाकरी डब्यात आणखी कडक होत गेली.
दीड. दोन. बाकीचे खिसे आपापले बडबडत होते.
दोन चाळीसला एकोणीस हलला.
लांब. पूर्ण वाजला, मग थांबला.
मी पत्र्यावर तळहात ठेवून बसलो.
तिकडच्या माणसाला ऐकू जाईल
असं माझ्याकडं काही नव्हतं.

पाचला पुन्हा रांग.
श्रावंती फोनला काहीतरी बोलली, भरभर.
इरण्णा शेवटी आला.
वाजला का? त्याचे ओठ.
मी एक बोट वर केलं.
त्यानं फोन घेतला. उघडून पाहिला नाही.
हातात धरून गेटपर्यंत गेला,
दोन्ही पाय सारखे टाकत.