सव्वीस नंबर

फोनवर तिला दोनशेदा तरी पाहिलं असेल,
मेडिकल चौकातल्या दुकानात, रात्रपाळीला,
आवाज बंद करून,
कोणी खोकल्याचं औषध मागेपर्यंत.
त्यामुळे ठाऊकच नव्हतं
की उत्पला धकाते वळते तेव्हा
सिमेंट बोलतं.

डिसेंबरची सकाळ. रिंकवर दव.
चार पोट्टे पोती घेऊन जमीन पुसताहेत.
माइकवाला म्हणतो, 'पाच मिनिटं, बाप्पा, फक्त पाच,'
याला पाऊण तास झाला.
शेजारच्या बाई मौद्याहून आल्यात,
संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवतात.
'तुमची कोणती?'
त्यांची तीन नंबरची, निळा फ्रॉक, पुढचा दात पडलेला.
'सव्वीस,' म्हणाले मी.
'भाची काय?'
मी बिया मुठीत धरून बसले.

सीनियर गट सगळ्यात शेवटी.
ती आली, आणि आधी ओळखलंच नाही.
फोनमध्ये उंच दिसायची.
ही तर नाक ओढणारी,
स्वेटर कुणाच्या तरी खांद्यावर टाकून आलेली.
मग गाणं लागलं, आणि गाण्याखालून दुसरंच काही:
घर्र, घर्र,
मग उडी, मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत वर्धा रोडवरचा
एक अख्खा हॉर्न मावला,
मग खट्.
एका पायाची चार चाकं.

ओठांत ती मोजत होती.
पाच, सहा, सात.
माझेही ओठ हलत होते, हे
मौद्याच्या बाईंनी पाहिलं.

दुसऱ्या उडीला पडली.
जिथे पोतं पोचलं नव्हतं, त्या कोपऱ्यात.
माझ्या फोनमध्ये ती कधीच पडली नव्हती.
पडलेलं कोण टाकतं?
कोपर घासल्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत आला.
गाणं तसंच पुढे चाललेलं,
आणि ती उठून, दोन-तीन आकडे गिळून,
त्याला गाठायला निघालेली.

चौथी आली.
नंबर पुकारले तेव्हा पायरीवर बसून
दातांनी लेसची गाठ सोडवत होती.
मी गेले. बोलायचं खूप होतं,
दोनशे रात्रींचं.
पर्समध्ये चिकटपट्टी असतेच माझ्या, दुकानाची सवय.
'कोपराला लाव,' म्हटलं.
बोटांना अजून संत्र्याचा वास.
तिने पट्टी घेतली, वर पाहिलं.
'किती झाले, मावशी?'

आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
'दोन रुपये.'