ताट्या

अभ्यासिकेत मला कुणी नावानं ओळखत नाही.
मी एकतीस.
डावीकडे तीस, गडचिरोलीहून आलेला,
दुपारी डब्यातली जवसाची चटणी न बोलता पुढे सरकवतो.
उजवीकडची बत्तीस लग्न करून गेली.
तिच्या खुर्चीवर आम्ही बाटल्या ठेवतो.

महिन्याचे सातशे रुपये. त्यात खुर्ची, ट्यूबलाइट, थंड पाणी
आणि कुणी काही न विचारणं.
हे शेवटचं पाटीवर लिहिलेलं नाही,
पण मी पैसे त्याचेच देते.

विचारतात ते फॉर्म.
आधी आडनाव. निमजे रुचिता शालिक.
आडनाव लिहिलं की पुढचे रकाने
माझ्याआधी बोलायला लागतात.
पडताळणीची फाईल कुठल्या कपाटात आहे, मला माहीत आहे.
किल्ली कुणाकडे आहे, ते नाही.

शनिवारी मॉक इंटरव्ह्यू, धरमपेठेत.
सर म्हणतात, ‘करून राहिली’ नाही, ‘करते आहे’ म्हणा.
करते आहे, करते आहे, म्हणत मी जिना उतरते,
खाली ऑटोवाल्याशी हिंदीत भांडते,
आणि घरी पोचल्यावर, काहून झोपली नाही वं माय?
या तिघींपैकी परीक्षेला कोण बसणार,
हॉलतिकिटावर फोटो तर एकीचाच आहे.

‘छंद?’
वाचन, पोहणं, मी सांगते.
अंबाझरी मी फक्त काठावरून पाहिली आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी पारा त्रेचाळीसवर गेला
आणि कूलर बसवायला माणूस आला.
खांद्यावर वाळ्याच्या ताट्या, कमरेला पक्कड,
शर्टाच्या पाठीवर घामाचं पांढरं मीठ.

बाबा.

आजोबांचा माग थांबला तेव्हा त्यांनी कूलर धरले.
तांडापेठेतल्या आमच्या ओळीत आता खटखट नाही,
मोटरींची घरघर आहे, तीही चार महिने.
खुर्चीवर बसून कमावणारी घरातली पहिली मी असेन.
अजून कमावलेलं नाही. नुसतीच बसलेय.

माझं पेन चालत होतं, कागदावर काही उमटत नव्हतं.
दोनच अक्षरं होती, म्हणायला हवी होती.
ते माझ्यापाशी आले.
‘मॅडम, जरा सरकता का? पाइप घ्यायचा आहे.’
घ्यायचा आहे.
शुद्ध. जणू रात्रभर पाठ केलेलं.
मी सरकले.

तीसनं विचारलं, काका, पानी घेता का?
उचलली ती बाटली माझी होती.
बाबा वरून प्याले, तोंड न लावता,
झाकण घट्ट लावलं
आणि बत्तीसच्या खुर्चीवर ठेवली, होती तशीच.

मग ओल्या वाळ्याचा वास सुटला.
फेब्रुवारीपासून आमच्या गादीला, डब्याला,
माझ्या केसांना असतो, तोच.
आता सगळ्यांना कळणार, मला वाटलं.
पोरं म्हणाली, आहा.

रात्री जेवताना मी काही म्हणणार,
तेवढ्यात तेच म्हणाले,
‘तुया खुर्चीवर हवा सरळ येऊन राह्यली होती.
सर्दी झाली असती. जाळी तिरपी करून देल्ली.’
आणि आईकडे वरण मागितलं.
मी ताटातलं मीठ बोटानं इकडून तिकडे केलं.

आज हवा माझ्या डोक्यावरून जाते.
तीसला लागते. त्याच्या नोट्स उडतात,
पंचायत राज टेबलाखाली, मूलभूत हक्क दारापाशी.
वेचता वेचता तो वैतागतो,
हा कूलर कोनं बसवला वं?

माह्या बाबानं.

आवाज जरा मोठाच झाला. अठरानं मागे वळून पाहिलं.
तीस गुडघ्यावर बसलेला, हातात कागद,
क्षणभर माझ्याकडे बघतो.
‘मंग सांग न त्यायले,
इकडं बी जराशी तिरपी करा म्हनाव.’